मानेला हस्तिदंती, डोक्याला लाल

तंबोरे आणि वीणा बनवणाऱ्या एका गावात येसबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. इतका भोळा, की "दाराकडे बघ" म्हटलं तर दिवसभर दाराकडे बघत बसायचा. चार जणांनी त्याला कामावरून काढलं होतं. पाचवे दस्तगीरचाचा. त्यांनी मात्र ठेवून घेतलं. येसबाची एकच इच्छा होती. चाचांनी एकदा तरी "शाब्बास" म्हणावं.

त्या वर्षी चाचांकडे विजेवरची गिटार बनवायचं काम आलं. गावातल्या तात्या डोईफोडेंची मुलगी वैजू हिचं लग्न ठरलं होतं. जावई नंदकुमार शेजारच्या गावातला, ऑर्केस्ट्रात वाजवायचा. तात्यांना त्याला गुपचूप भेट द्यायची होती.

गिटार जवळजवळ तयार झाली. चाचा म्हणाले, "येसबा, साडीला काठ असतो ना, तसा हिच्या मानेला आणि डोक्याला पट्टीचा काठ लावायचाय. तात्यांना विचारून ये, मानेला कोणता रंग आणि डोक्याला कोणता."

येसबा गेला. तात्या अंगणात खुर्चीवर बसले होते. समोर न्हावी वाटीत कलप कालवत होता.

"तात्या, डोक्याला कोणता रंग?" येसबानं विचारलं.

"काळा. दुसरा कोणता लावतात?"

"आणि मानेला?"

"मानेला लागू द्यायचा नाही. लागलाच तर ओल्या फडक्यानं पुसायचा."

येसबानं जसंच्या तसं येऊन सांगितलं. चाचांनी डोक्याला काळा काठ लावला आणि मान उघडी ठेवली. संध्याकाळी तात्या बघायला आले. म्हणाले, "चाचा, मान अशी नागडी का?"

मग सगळा उलगडा झाला. चाचांनी येसबाला समोर बसवलं. "हे बघ. कुठंही गेलास की आधी सांगावं. कुणाची मान, कशासाठी, कुणाकरता. मग पुढचं बोलावं."

येसबानं हे मनात घोकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी त्याला सुती फीत आणायला बाजारात धाडलं. पट्टी चिकटवल्यावर गोंद वाळेपर्यंत ती फितीनं गच्च बांधून ठेवावी लागते. कापडाच्या दुकानात गर्दी होती. येसबा पायरीवर उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "तात्या डोईफोडे जावयाला जी गिटार गुपचूप देणार आहेत, तिच्या मानेसाठी फीत द्या. हे गुपित नंदकुमारला कळता कामा नये."

दुकानदारानं फीत दिली. गुपित गावानं घेतलं.

तात्या चिडले. चाचा म्हणाले, "अरे, चारचौघांत गिटारचं नावसुद्धा घ्यायचं नाही. काय विचारायचं ते मोघम विचारावं."

"बरं," येसबा म्हणाला. नाव घ्यायचं नाही. मोघम विचारायचं.

मग चाचांनी त्याला पट्ट्यांचे नमुने देऊन तात्यांकडे पाठवलं. तिथं लग्नाच्या याद्या करायला पाहुणे आले होते. नंदकुमारची आत्याही आली होती. तिनं मुलगी अजून पाहिलेली नव्हती.

येसबा सतरंजीच्या कडेला उभा राहिला. "तात्या, मानेला पांढरा लावू का पिवळा?"

"कुणाच्या मानेला?" आत्याबाईंनी विचारलं.

येसबानं नाव घेतलं नाही. "तुमच्या नंदकुमारला द्यायचीय ना, तिच्या."

आत्याबाईंनी सुपारी कातरायची थांबवली. "काय झालंय मानेला?"

"आता काही नाही. वाकली होती थोडी. आतला स्क्रू पिळला, झाली सरळ."

"आणि डोकं?"

"डोकं ठीक आहे. काळं केलं होतं, ते आता खरवडून काढायचंय."

तात्या खोकत होते, पण येसबाला वाटलं, त्यांना ठसका लागला असेल.

आत्याबाईंनी हळूच विचारलं, "बोलते का नीट?"

"वीज असली की छान बोलते. वीज गेली की मग कान लावून ऐकावं लागतं."

आत्याबाईंनी सुपारी खाली ठेवली आणि भावाला म्हणाल्या, "ऊठ. निघू या."

वैजूला आतून बोलावलं. ती आली, विजेशिवाय बोलली, वाकून नमस्कार केला. आत्याबाईंनी तिची मान मागून नीट पाहून घेतली. स्क्रू नव्हता. तरी बैठक पुन्हा बसायला दोनदा चहा करावा लागला, आणि गिटारची गोष्ट पाहुण्यांना सांगावीच लागली.

पाहुणे गेल्यावर तात्यांनी येसबाचे दोन्ही हात धरले. "बाबा रे, एका घरचं दुसऱ्या घरी बोलू नये. मोडलं असतं लग्न पोरीचं."

येसबाचं तोंड एवढंसं झालं. वैजूला त्यानं लहानपणी खांद्यावर बसवून फिरवलं होतं. तिचं वाईट व्हावं असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. एका घरचं दुसऱ्या घरी बोलायचं नाही, हे त्यानं पक्कं केलं.

गुपित फुटलंच होतं. तेव्हा चाचांनी त्याला थेट नंदकुमारकडे पाठवलं. नंदकुमार खूश झाला. "मानेला हस्तिदंती आणि डोक्याला लाल," असं म्हणाला.

येसबा परत आला.

"काय म्हणाला?" चाचांनी विचारलं.

"ते त्यांच्या घरचं आहे."

"अरे, रंग कोणता?"

"एका घरचं दुसऱ्या घरी बोलायचं नाही."

चाचांनी समजावलं, दटावलं, जिलेबी खायला घातली. येसबानं जिलेबी खाल्ली आणि तोंड मिटून घेतलं. लग्न परवावर आलं होतं, आणि चाचांना त्याच संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. ते गोधडीतून म्हणाले, "नको बोलूस. गिटार मी सकाळी टेम्पोनं जानवसघरी पाठवतो. तू पट्ट्या, गोंद, फीत घेऊन तिथं जा. नंदकुमारला विचार, आणि काम तिथल्या तिथं उरकून ये. मान आणि डोकं, दोन्ही. घट्ट बांध, हलू देऊ नको."

दुसऱ्या दिवशी येसबा जानवसघरी पोचला. गिटार कोपऱ्यात पेटीत होती. पेटीवर पाहुण्यांनी फेटे ठेवले होते. मधोमध पाटावर नंदकुमार बसला होता. हळद चालली होती. जो येईल तो त्याला काहीतरी फासत होता. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

येसबानं विचारलं, "मान आणि डोकं कुठाय?"

"हे काय, धडावरच आहे," नंदकुमार हसून म्हणाला.

"मग लावू?"

"लावा की. सगळेच लावतायत."

येसबानं गोंदाचा डबा उघडला. आत्याबाई जवळ येऊन बघू लागल्या. "ही तुमच्याकडची पद्धत वाटतं?"

"चाचांची पद्धत आहे," येसबा म्हणाला.

आत्याबाईंनी मान डोलावली. मुलीकडच्यांची पद्धत, आपण कशाला मोडा.

इतकं मन लावून येसबानं आयुष्यात काही केलं नव्हतं. मानेभोवती हस्तिदंती पट्टी, डोक्याभोवती लाल. वरून फितीचे वेढे, एकाला एक लागून, कुठं फट नाही.

तात्या आले तेव्हा नंदकुमार पाटावर ताठ बसला होता. त्याला इकडे बघता येत नव्हतं आणि तिकडेही बघता येत नव्हतं.

"येसबा," तात्या खाली बसत म्हणाले, "हे काय केलंस?"

"झालं काम. उद्या सकाळपर्यंत फक्त हलवू नका," येसबा हात पुसत म्हणाला. "वाळलं की कानस घेऊन येतो. कडेनं जे बाहेर आलंय, ते घासून सपाट करतो." त्यानं नंदकुमारकडे एकदा सगळीकडून नीट पाहिलं. "तसं फार नाही. दोन कान आणि एक नाक."