रिकाम्या ट्रेलरचं वजन

खिंडीत पोचलं की थांबायचं, मागे बघून “उतरा” म्हणायचं आणि मगच पुढे निघायचं. कुणाला म्हणायचं, ते विचारायचं नाही.

आमच्या धनगरवाड्यातून आजारी माणसाची डोली खांद्यावर घेणाऱ्या प्रत्येकाला हा नियम सांगितला जायचा. वाडा खाली खोऱ्यात, दवाखाना खिंडीपलीकडे. कच्चा रस्ता आत्ता कुठे झाला होता. मी डोलीऐवजी मोटारसायकलला ट्रेलर जोडला, त्यात गादी अंथरली. तेव्हा नियम मलाही सांगितला गेला.

मी तो सोडून दिला. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा काही वाऱ्याला “उतरा” म्हणण्यासाठी केला नव्हता.

पहिल्याच दिवशी गाडी खिंडीत बंद पडली. ट्रेलर रिकामा होता.

जुनी टूरिंग बाईक, इंजिन थकलं असेल, असं समजून मी ती कोल्हापूरला नेली. सिलिंडरचा बोअर वाढवला, मोठा पिस्टन बसवला, मागचं स्प्रॉकेट बदललं. ट्रेलरमध्ये भाताची पोती रचून दुसरा घाट चढून बघितला. गाडी गुणगुणत चढली.

आमच्या खिंडीत पुन्हा तेच. ट्रेलर रिकामा, इंजिन तापलेलं, क्लच जळाल्याचा वास आणि पुढे एक इंचही नाही.

वहिनीचे दिवस भरत आले होते. तिला डोलीत घालू द्यायचं नाही, हे मी ठरवलं होतं. माझी आई याच वाटेवर, दवाखाना गाठायच्या आधी, डोलीतच गेली.

त्या दुपारी माझे चुलते धुळू आण्णा आणि बमूतात्या मागून चालत आले. गाडी बंद पडलेली बघून तात्या हसले. म्हणाले, इंजनात हत्ती बसवलास तरी हितं फरक पडायचा नाय.

खिंडीत एक गोसावीबाबा राहत. डोलीवाल्यांना पाणी पाजणारे तेच. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“बाबा, आणखी किती ताकद वाढवू?”

“कशाला?”

“हा रिकामा ट्रेलर ओढायला.”

बाबा ट्रेलरकडे बघत राहिले. वारा पडला होता. एकही पाखरू ओरडत नव्हतं…

“रिकामा,” ते म्हणाले. होय की नाही, ते त्या आवाजावरून कळलं नाही.

मग पाण्याचा तांब्या घेऊन उठले. मला वाटलं, मला देतायत. ते मला ओलांडून ट्रेलरपाशी गेले आणि वाकून हळूच म्हणाले,

“जरा सरका.”

ट्रेलर डावीकडे कलला. स्प्रिंगा करकरल्या. गादीची उजवी बाजू दबलेली होती, हे मला ती वर येताना दिसलं.

त्या मोकळ्या जागेवर बाबा टेकले. तांब्या गादीवर ठेवला.

“कोण आहे?” मी विचारलं.

“दवाखान्यात निघालेले.”

मी आण्णांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. आईच्या डोलीला पुढचा खांदा त्यांचा होता.

“आईलाही म्हणालात? उतर म्हणून?”

आण्णांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. “खांदे भरून यायचे, पोरी. मेलेलं माणूस जड होतं. त्यात आधीचेबी बसलेले… काय करणार होतो आम्ही?”

मी ट्रेलरकडे वळले.

“आता तू म्हण,” ते म्हणाले. “एकदा म्हण, गाडी सुटंल. उद्या वहिनीला न्यायची वेळ आली नि हितंच अडकलीस तर?”

तात्यांनी मान हलवली. आता ते हसत नव्हते.

मी ट्रेलरजवळ गेले. तांब्यातलं पाणी कमी झालं होतं. गादीच्या कडेला, आई हात टेकून बसली की पडायचा तसा, एक लहानसा खळगा पडला होता. मी त्यावर हात ठेवला. गार होता.

“आण्णा, यांना दवाखान्यात जायचं होतं,” मी म्हणाले. “तुम्ही खांद्यावर घेतलंत आणि अर्ध्या वाटेत उतरवलंत. मी कुणालाही उतरा म्हणणार नाही. वहिनीसाठीसुद्धा नाही. ताकद कमी पडली तर पुन्हा इंजिन उघडीन, पण नेईन तर सगळ्यांना नेईन.”

आण्णांनी मुंडासं पुन्हा डोक्याला गुंडाळलं. तात्या दुसरीकडे बघायला लागले. 

मी गाडीवर बसले. इंजिन सुरू केलं.

बाबा गादीवरून उठले, तांब्या उचलला आणि रिकाम्या ट्रेलरकडे वळून म्हणाले,

“घट्ट धरा.”