रखमाजी तेल्याचं एकमत

धामणवाडीच्या गजाबाई कुंभारणीचं गाढव आठवडाभर लंगडत होतं, दारातून हललंसुद्धा नव्हतं. तरी आपला ऊस त्यानंच खाल्ला म्हणून इनामदारांनी फिर्याद केली आणि भरपाईत गाढवच मागितलं. आता गाढव गेलं, तर बिचारीनं माती काय डोक्यावर वाहायची?

चावडीत पाच पंच बसले. गाढवालाही कसंबसं लंगडत आणून समोर उभं केलं. गावचा रिवाज असा, की पाचांचं एकमत झाल्याशिवाय निकाल नाही आणि निकालाशिवाय पंचांना जेवण नाही. चौघे म्हणाले, "गाढव इनामदारांना द्या." पाचवा रखमाजी तेली काही ऐकेना. उन्हं कलली, पंचांच्या पोटात कावळे ओरडू लागले.

"रखमाजी, हे चौघे मूर्ख आणि तू एकटा शहाणा काय रे?" इनामदार गरजले.

"छे छे, सरकार! आत्ता एकमत करतो. फक्त या चौघांनी सांगावं, आज वार कोणता?"

चौघांनी आधी इनामदारांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी सवयीनं मान डोलावली, तेव्हा कुठे चौघे एका सुरात म्हणाले, "सोमवार!"

चावडी खुदखुदली.

रखमाजीनं हात जोडले. "बघा सरकार, ही चारही मतं तुमचीच. आणि फिर्यादीला काही पंचात बसता येत नाही. ती वजा केली की उरलो मी एकटा, अन् माझं माझ्याशी पक्कं एकमत आहे. गाढव गजाबाईचं! चला मंडळी, जेवायला."

या वेळी मात्र चौघांनी इनामदारांकडे न बघताच माना डोलावल्या.

गाढव लंगडतच घरी गेलं, पण इनामदारांच्या पुढून, ताठ मानेनं.