खिडकीवरची कौलं

नदीकाठच्या एका गावात नागेश नावाचा कासार होता. त्याचा हात इतका हलका, की बांगड्या भरताना मनगटावर ओरखडासुद्धा उठत नसे. आसपासच्या चार गावांतल्या बायका त्याच्याकडे येत. पण त्यांना बसवायला जागा नव्हती. अंगणात भर उन्हात, पदर डोक्यावर ओढून त्या ताटकळत. वैशाखात तर बांगड्याही तापून हातात धरवत नसत.

म्हणून एका वर्षी नागेशने ठरवलं, घराला लागून पुढच्या अंगाला कौलारू पडवी काढायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध, सागाच्या खांबांवर उभी. महिनाभर त्याला दुसरं काही सुचेना. अंगणात चुन्याच्या रेघा ओढायच्या, मोडायच्या, पुन्हा ओढायच्या. जेवायला बसला तरी ताटातल्या भाताच्या ढिगल्या करून तो खांब कुठे येतील ते पाहायचा.

घरात त्याची बायको होती आणि धाकटी बहीण भागू. भागूचा नवरा ऐन तारुण्यात गेला, तेव्हा ती माहेरी परत आली होती. पुढच्या अंगाची शेवटची खोली तिची. त्या खोलीला एकच खिडकी होती, अंगणात उघडणारी. सकाळी घरकाम आटोपलं की भागू त्या खिडकीपाशी बसून चोळ्या शिवायची. नजर तिची मुळातच थोडी अधू होती, पण उजेड चांगला असला की तिचा टाका मोत्याच्या सरीसारखा पडे. भावाच्या घरी राहूनही ती आपल्या हाताचं खात होती, आणि त्या एका गोष्टीवर ती ताठ मानेनं जगत होती.

सुतार आला. म्हातारा, कमी बोलणारा माणूस. त्याने रेघांवरून दोरी धरली आणि भागूच्या खिडकीपाशी येऊन थांबला. घराची वळचण आधीच खाली आहे, तिच्या खालून पडवीचा उतार काढला तर ही खोली अंधारात जाईल, असं त्याने सांगितलं. त्यावर उपायही सुचवला. खिडकीपुढच्या तेवढ्या भागावर कौलं घालायची नाहीत, नुसत्या लाकडी पट्ट्या टाकून उघडा मांडव ठेवायचा. पडवी होईल आणि उजेडही राहील.

नागेशला ते पटेना. पावसाळ्यात तिथून पाणी गळेल, गिऱ्हाईक भिजेल, आणि मुख्य म्हणजे नव्या कोऱ्या पडवीला ठिगळ लावल्यासारखं दिसेल.

भागू दाराआडून ऐकत होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "दादा, दोन हात जागा उघडी ठेव. माझं शिवण तेवढ्यावरच आहे."

"अगं, पडवी झाल्यावर तू बाहेर येऊन बस की," नागेश म्हणाला. "आतापेक्षा जास्त उजेड मिळेल."

भागू त्याच्याकडे बघत राहिली. ज्या जागी सवाष्णी बांगड्या भरणार, नव्या नवऱ्या हिरवा चुडा भरणार, तिथे विधवेनं येऊन बसलेलं त्या काळी कुणाला चालत नसे. हे तिला ठाऊक होतं, आणि नागेशलाही ठाऊक होतं. बोलता बोलताच त्याला ते जाणवलं, पण शब्द मागे घ्यायला त्याची जीभ वळली नाही. भागू आत निघून गेली. नागेशने सुताराला सांगून टाकलं, की कौलं सगळीकडे घालायची.

पडवी झाली. गावाने ती वाखाणली. बायका सावलीत बसून निवांत बांगड्या भरू लागल्या, हसणं-खिदळणं आतपर्यंत ऐकू येई. आत भागू भर दुपारी दिवा लावून शिवू लागली. पडवीत धूर येतो, गिऱ्हाईक खोकतं, असं भावजयीने दोनदा सुचवलं, तेव्हा तिने दिवा लावणं सोडलं. मग ती कापड डोळ्यांशी नेऊन शिवी. पुढे पुढे तर बोटांनी चाचपून शिवू लागली. टाके वाकडे पडू लागले, चोळ्या परत येऊ लागल्या, आणि मग शिवायला यायच्याच थांबल्या. नागेशच्या कानावर हे येत होतं. वय झालं असेल तिचं, असं तो मनाशी म्हणायचा. भागू अजून चाळिशीचीही नव्हती.

दोन वर्षं अशीच गेली. एके दिवशी जेवताना त्याने पाणी मागितलं. भागूने तांब्या उचलला आणि भांड्याशेजारी, जमिनीवर पाणी ओतलं. धार वाहत त्याच्या पाटापर्यंत आली, तरी ती ओततच होती.

नागेशने वैद्याला बोलावलं. वैद्याने पापण्या वर करून पाहिल्या आणि नागेशला बाहेर नेऊन सांगितलं, "डोळे आज ना उद्या जाणारच होते, त्यावर औषध नाही. पण मागची दोन-तीन वर्षं हिला थोडंफार दिसत होतं. तेवढी वर्षं तुम्ही हिला अंधारात बसवलंत."

नागेशने सुताराची वाटही पाहिली नाही. शिडी लावून तो स्वतः वर चढला आणि खिडकीपुढची कौलं दोन्ही हातांनी उपसून काढली. बांगड्या भरायला आलेल्या बायका उठून अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळात खोलीत लख्ख ऊन पडलं. त्याने भागूला हाताला धरून खिडकीपाशी बसवलं.

"भागू, आता बघ," तो म्हणाला.

भागूने चेहरा वर केला. मग डावीकडे वळवला, मग उजवीकडे.

"ऊन लागतंय रे दादा," ती म्हणाली. "पण खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

त्यानंतरही नागेश बांगड्या भरत राहिला, पण पडवीत नाही. तो पूर्वीसारखा अंगणात उन्हात बसे. बायका सावलीत यायला सांगत, आणि तो नुसती मान हलवी.

तात्पर्य: आपल्या सोयीसाठी छप्पर घालताना कुणाचा उजेड अडतो ते आधी पाहावं. कौलं नंतर काढता येतात, गेलेली नजर परत आणता येत नाही.