ब्रेकची कुरकुर

गाड्या किक मारून सुरू करायच्या, त्या काळातली गोष्ट. घाटावरच्या एका गावात मार्तंडची मोटरसायकल होती. तिच्या पुढच्या ब्रेकची तार केव्हाच तुटली होती. तो ओरडत नव्हता, म्हणून कुणी बघितलं नव्हतं. मागचा मात्र दाबला की केकाटायचा.

"लाज आणलीस," साखळी म्हणाली. "माझ्याकडे बघ. तेल मिळतं, गप फिरते."

"अगं, मी झिजलोय," ब्रेकचा लायनर म्हणाला. "चाक धरून ठेवायचं माझं काम. आता धरायला अंगावर काही उरलं नाही. मला बदला, एवढंच सांगतोय."

मार्तंडला ती नुसती कुरकुर वाटायची. आणि त्याच्या घरात कुरकुरीवर एकच औषध होतं. पाळणा कुरकुरला, घाल तेल. दार कुरकुरलं, घाल तेल. तो तेलाची बुधली घेऊन आला.

"तेल नको रे! मला तेल नको!" लायनर केकाटला.

"बघ कसा बोंबलतोय," मार्तंड बायकोला, शेवंताला म्हणाला, आणि त्याने बुधली उपडी केली.

आवाज थांबला.

"आला एकदाचा शहाणपणा," साखळी म्हणाली.

सकाळी दोघं शेवंताच्या माहेरी निघाली. घाटाचा उतार लागला. वळण जवळ आलं, तसा मार्तंडने ब्रेक दाबला. मग पार खालपर्यंत दाबला. तेलात भिजलेला लायनर चाक धरू पाहत होता, आणि चाक निसटत होतं.

"अहो," मागून शेवंता कौतुकाने म्हणाली, "आज किती गुपचूप चाललीय गाडी!"