कमरेएवढी

“गाडी उचलायची लिफ्ट किती उंच हवी?” वस्तादांनी विचारलं.

“मी खाली ताठ उभा राहीन एवढी,” अभिनंदन म्हणाला. “वाकून काम करायला मी काय आता शिकाऊ पोरगा आहे?”

“आणि छत?”

“छतच तर आडवं येतंय. म्हणून आलो तुमच्याकडं.”



वस्ताद म्हणजे बाबालाल शिकलगार. सांगलीत ज्यानं कधी जुनी मोटार बाळगली, त्याला हे नाव सांगावं लागत नाही. माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान त्यांच्या गॅरेजला चिकटून होतं. रेडिओ गेले, दुकान गेलं, पण वस्ताद मला हाक अजून ‘रेडिओ’ अशीच मारतात. म्हातारपणी माणसाला नीट नावानं हाक मारावी, एवढीही रीत या माणसाला नाही.

त्यांच्या गॅरेजात शिकायची एकच पद्धत होती. वस्ताद गाडीखाली. बाहेर यायचा फक्त हात, तळवा वर. तोंडानं काही सांगायचे नाहीत. कुठला पाना हवा ते पोरानं ओळखायचं. बरोबर दिला तर हात आत जायचा. चुकीचा दिला तर पाना उडत बाहेर यायचा, आणि एकदा तो माझ्या दुकानातल्या चालू रेडिओवर आला होता. भरपाई अजून मिळालेली नाही.

मग साखरेनं त्यांचे दोन्ही पाय गुडघ्यापासून नेले.

शिष्यांनी मिळून चाकाची खुर्ची आणली. तिच्यावर त्यांची सून आता वाळलेलं धुणं ठेवते. वस्तादांनी एका लाकडी पाटाला खालून चार जुनी बेअरिंगं ठोकली आणि त्यावर बसून, हातानं जमीन ढकलत, घरभर खडखड करत फिरू लागले.

पण गाडीखाली जाणं संपलं. गाडीखालच्या खड्ड्याच्या पायऱ्या उतरायला पाय लागतात. पाठीवर पडून आत सरकायलाही पाय लागतात. गॅरेज बंद झालं.

“माझं झालं,” एवढंच ते म्हणाले, आणि पुन्हा कुठल्याच गॅरेजात पाऊल... म्हणजे पाट टाकला नाही. लोक सोप्यात येऊन गाडीचं विचारायचे, ते दोन शब्दांत सांगायचे.

त्यांची नखं स्वच्छ झाली होती. इतकी वर्षं त्या नखांत काळं बघितलेलं. मला ते स्वच्छ हात बघवत नसत, खरं सांगतो.

अभिनंदन चौगुले हा त्यांचा सगळ्यात तयार शिष्य, आणि सगळ्यात ताठही. उंचीनं सहा फूट, आणि नाक त्याच्याही वर. गावात स्वतःचं गॅरेज, हाताखाली पोरं. आता विश्रामबागेत घराच्या खालच्या गाळ्यात तो जुन्या गाड्या स्वतःच्या हातानं उभ्या करणार होता. पहिली गाडी वस्तादांचीच. पाय गेल्यापासून धूळ खात पडलेली फियाट त्यानं ओढून नेली होती.

“विकून टाक,” वस्ताद म्हणाले होते.

“विकतोय कशाला? ईदेला तुम्हाला तिच्यातून फिरवणार,” हा म्हणाला होता. पण गिअर टाकला की गाडी खालून दणका द्यायची, आणि तो दणका काही याला सापडत नव्हता. लिफ्ट मिळाली की सापडेल, असं त्याचं म्हणणं.

“खड्डा खण की,” मी म्हणालो.

“काका, कृष्णाकाठ आहे हा. हातभर खणलं की पाणी.”

“मग काय करणार?” वस्तादांनी विचारलं.

“छत फोडणार.”

“वर कोण राहतं?”

“...आई.”

हे सगळं वस्तादांच्या सोप्यात चाललं होतं. आतून फोडणीचा वास आला आणि गेला.

“तिला पुढची खोली देतोय,” अभिनंदन घाईनं म्हणाला. “सोमवारी गवंडी येतोय. आईनं ट्रंकही भरलीय.”

“काय म्हणाली?”

“काही नाही बोलली.”

“मग लई बोलली,” वस्ताद म्हणाले.

अभिनंदननं मोबाईल पुढं केला. “हे बघा. दोन खांबांची. गाडी अशी डोक्यावर जाते. खाली मी ताठ! याला म्हणतात काम.”

वस्तादांनी मोबाईलकडं बघितलंसुद्धा नाही.

“दुसरी नाही कुठली?”

“आहे एक. विकणाऱ्यानं नमुना म्हणून गाळ्यात ठेवलीय. कात्रीसारखी उघडते. तिला छत चालतंय, पण काय उपयोग? कमरेएवढीच उचलते. खाली कंबर मोडून दोन मिनिटं थांबलो तर पाठ धरते. आज टेम्पो येणार, परत पाठवतोय.”

वस्तादांचा हात पाटाच्या कडेवर फिरत होता. तो थांबला.

“कमरेएवढी?”

“कमरेएवढीच हो.”

“...चल, दाखव.”

मी चपापलो. “बाबालाल, तू येणार?”

“तू पण चल, रेडिओ. घरी बसून काय दिवे लावणार आहेस?”

बाहेर मोटारीपाशी अभिनंदन त्यांना उचलायला वाकला. वस्तादांनी त्याच्या हातावर फटका मारला, दाराची कड धरली आणि दोन हातांवर अंग तोलून मोटारीत जाऊन बसले. पाय नेले होते साखरेनं, दंड नेले नव्हते. पाट डिकीत टाकला, मी मागं बसलो, निघालो.

गाळा ऐसपैस होता. स्वच्छ फरशी, भिंतीला ओळीनं टांगलेले पाने, उजेडही चांगला. पण छत मात्र खरंच खाली. मधोमध एक तुळई अजून खाली आलेली. अभिनंदननं जाता जाता हात उंचावून तिला बोटं टेकवून दाखवली.

लिफ्टवर फियाट चढवून ठेवलेली होती. वस्तादांनी तिच्याकडं बघितलं. मग दुसरीकडं बघितलं. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं, आणि याला आणलंच कशाला असं मला होऊन गेलं.

“उचल,” वस्ताद म्हणाले.

अभिनंदननं बटण दाबलं. गाडी घरघरत वर चढली आणि थांबली. वरून तुळईपर्यंत हात जाईल एवढी जागा उरली.

“बॉनेट उघड.”

उघडलं. तेही तुळईच्या खालीच राहिलं.

“बसतंय की,” मी म्हणालो.

“बसतंय काका, पण हे बघा ना!” अभिनंदन गाडीला चिकटून उभा राहिला. गाडीचं पोट बरोबर त्याच्या पट्ट्याशी आलं. तो वाकला, मान आत घातली, कण्हला, बाहेर आला. “बघितलंत? कमरेएवढी! ही काय लिफ्ट म्हणायची? शोभेची वस्तू आहे.”

वस्ताद खाली, आपल्या पाटावर. तिथून त्यांनी मान वर करून त्याच्याकडं बघितलं.

“कुणाच्या कमरेएवढी?”

“म्हणजे?... माझ्या.”

“हं.”

वस्तादांनी डोक्यावरची जाळीची टोपी काढली आणि माझ्या हातात दिली.

“लिफ्टचं लॉक लागलंय?”

“लागलंय, वस्ताद. पण तुम्ही...”

त्यांनी स्वतः हात घालून लोखंड हलवून बघितलं. मग दोन्ही तळवे फरशीवर टेकले आणि एक रेटा दिला.

खडखड करत पाट पुढच्या बाजूनं गाडीखाली गेला. ना वाकावं लागलं, ना पडावं लागलं. ताठ बसलेला माणूस ताठच आत गेला. इंजिनाचं पोट त्यांच्या डोक्याच्या जरासं वर राहिलं. त्या तिथं, मोजून शिवल्यासारखे, वस्ताद बसले.



“वस्ताद?” अभिनंदननं हाक मारली.

...

“वस्ताद, बरं आहे ना?”

“गप की रे.”

एवढंच. पण तो आवाज! पाय गेल्यापासून मी तो ऐकला नव्हता. सोप्यात बसून बोलायचे तो आवाज वेगळा होता, पाहुण्यासारखा. हा गॅरेजातला होता. मी हातातली टोपी उगाच झटकत बसलो.

मी वाकून बघितलं. वस्तादांचे दोन्ही हात वर, गिअरबॉक्सवर. डोळे मिटलेले. बोटं एकेक नट चाचपत चालली होती. घामाचा एक ओघळ कानामागून मानेवर उतरला. आणि नखं, देवा शपथ सांगतो, नखं काळी झाली होती.

“अभ्या, गिअर टाकून इंजिनाला जरा मागं-पुढं हलव.”

अभिनंदन धावला. सहा फुटी गडी फरशीवर घसरत गेला. गिअर टाकला, बॉनेटखाली हात घालून इंजिन हलवलं. खालून दणका ऐकू आला, खणखणीत.

“बास. सापडला.”

मग गाडीखालून हात बाहेर आला. तळवा वर.

अभिनंदन त्या हाताकडं बघतच राहिला. चारचौघांत पोरांवर ओरडणारा, कुणापुढं न वाकणारा हा माणूस, त्याचे डोळे गच्च भरले. भिंतीकडं गेला. हाताला लागला तो पाना काढला आणि आणून तळव्यावर ठेवला.

हात आत गेला.

आणि पाना उडत बाहेर आला! फरशीवर ठणठण आपटत माझ्या पायाशी येऊन पडला. या खेपेला निदान रेडिओ तरी वाचला.

अभिनंदन हसायला लागला. रडत होता आणि हसत होता, दोन्ही एकदम. मीही हसलो. शेवटी टोपीलाच डोळे पुसले, काय करणार?

वरून त्याच्या आईचा आवाज आला. “काय रे पडलं, अभिनंदन?”

“काही नाही पडलं, आई!” तो छताकडं तोंड करून ओरडला. “वस्ताद कामावर आलेत! तू ट्रंक उघड आणि सामान लाव जागेवर. छत राहू दे तसंच!”

 मग वर ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आम्ही तिघांनीही ऐकला.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. लिफ्ट न्यायला टेम्पो आला होता.

“जा परत!” अभिनंदननं दारातूनच हात हलवला. “रिकामाच जा! लिफ्टखाली माणूस कामाला बसलाय!”

टेम्पोवाला काहीतरी पुटपुटला आणि गाडी वळवून गेला.

अभिनंदन परत आला. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. मग तो गाडीपाशी गुडघ्यांवर बसला, फरशीवर, पट्ट्यासकट आणि इस्त्रीसकट. त्याला खाली बसलेला मी पहिल्यांदा बघत होतो.

“वस्ताद...”

“हं.”

“चुकलं माझं. मी माझ्याच मापानं मोजत होतो. तुम्ही आता काम करणार नाही, असं मी धरूनच चाललो होतो.”

 नट चाचपणं चालूच.

“मग आता हीच लिफ्ट ठेवू ना? की अजून बघू दुसरी? तुम्ही सांगाल तसं.”

हात पुन्हा बाहेर आला. काळा, तळवा वर.

“बारा-तेराचा पाना दे.”