हरणारीच्या कोपऱ्यात

“…पण वस्ताद, आधी सांगता येतं की नाही? अंगावर चालून जाणारी जिंकेल, की अंगाला लागू न देणारी?”

पुंजाजी वस्ताद घामेजलेले ग्लोव्हज उन्हात पसरत होते. अकोल्यातल्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये त्यांची बॉक्सिंगची तालीम होती. पूर्वी इथं कापसातून सरकी निघायची. आता पोरापोरींच्या अंगातला आळस निघतो, असं वस्तीत गमतीनं म्हणत.

विचारणारा सौमित्र. परदेशात खेळाचं शास्त्र शिकला, तिथं चालून आलेली जागा नाकारली आणि थेट या शेडच्या दारात येऊन उभा राहिला. आपलं शिकणं आपल्या मातीत कामी यावं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

वस्तादांचे गुडघे आता थकले होते. त्यांच्यामागं तालीम कोण चालवणार, ही चर्चा गावात होती. सौमित्रला वाटे, मी चालवीन. वस्ताद हो म्हणत नव्हते. नाहीही म्हणत नव्हते.

“तुले येते सांगता?” वस्तादांनी विचारलं.

“येतं.”

“मंग सांग.”

येत्या रविवारी कांचन तेलगोटे आणि ऐमन शेख समोरासमोर येणार होत्या. दोघी याच तालमीतल्या, एकाच वजनाच्या. जिंकेल ती राज्य स्पर्धेला जाणार होती.

कांचन म्हणजे चालून जाणारी. मान खाली, खांदे पुढं, आणि पाऊल कधी मागं नाही. दोन ठोसे खाईल, एक देईल. पण तो एक असा देईल की समोरचीला आई आठवावी.

ऐमन म्हणजे पारा. बोट ठेवावं तिथं ती नसे. ठोसा टाकून ती कधीच निघून गेलेली असायची, आणि समोरची हवेशी भांडत राहायची.

“ऐमन,” सौमित्र म्हणाला. “तिन्ही फेऱ्या तिच्याच. तिच्या सगळ्या लढती मी पुन्हा पुन्हा पाहिल्यात. कांचनचं काळीज वाघिणीचं आहे, वस्ताद. पण वाघिणीलासुद्धा स्वतःची सावली धरता येत नाही.”

वस्तादांनी आणखी एक ग्लोव्ह उन्हात ठेवला.

“माझं खरं ठरलं तर मला तालमीत ठेवून घ्या. खोटं ठरलं तर मी परत जातो. पुन्हा या शेडचं नाव काढणार नाही.”

“हे अट मी नाई घातली.”

“मी घालतोय.”

…

“बरं,” वस्ताद म्हणाले. “पन तालमीचा एक रिवाज हाय. जो भाकीत करते, त्यानं जिले हरणारी म्हनलं तिच्याच कोपऱ्यात उभं राह्याचं. पानी, टॉवेल, स्टूल, सारं त्यानंच पाहाचं.”

“असं का?”

वस्तादांनी शेवटचा ग्लोव्ह पालथा घातला.

“रविवारी जरा लवकर येजो.”

रविवारी शेड गच्च भरली होती. दोघी घरच्याच, त्यामुळे लोक दोघींच्या नावानं ओरडत होते. कुणाचा आवाज कुणासाठी, हे ओरडणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. ऐमनच्या कोपऱ्यात तालमीतल्या जुन्या मंगलताई उभ्या होत्या. वस्ताद रिंगच्या बाजूला, पालथ्या खोक्यावर बसले होते.

कांचनच्या कोपऱ्यात सौमित्र.

“या दादा, या!” कांचननं हाताच्या पट्ट्यांवर ग्लोव्हज चढवता चढवता त्याला चिमटा काढला. “मले हरवून आले म्हनते तुम्ही?”

सौमित्र कानापर्यंत लाल झाला. “तसं नाही गं. मी फक्त…”

“राहू द्या. टॉवेल तरी नीट धरा. घाम डोयात जाते माह्या.”

घंटा झाली.

पहिली फेरी अगदी त्यानं सांगितल्यासारखी झाली. कांचन चालून गेली, ऐमन निघून गेली. कांचननं हात फिरवला, तोवर ऐमन दोन ठोसे ठेवून दुसऱ्या टोकाला पोचली होती. पायांचा आवाजही नाही. जणू फरशीवर कुणी फडकं फिरवत होतं.

सौमित्र हाताची घडी घालून बघत होता. एकेक ठोसा त्याला बरोबर ठरवत होता. आतून गुदगुल्या होत होत्या… शेड माझी, असं मन म्हणत होतं.

घंटा झाली. कांचन येऊन स्टुलावर बसली. खालचा ओठ फुटला होता. दातांवरचं गमशील्ड तिनं सरळ त्याच्या तळहातावर काढून ठेवलं. ते ऊन होतं, आणि त्यावर रक्ताचा एक धागा होता.

“दादा, ती जाते कुठं? मले दिसतच नाई.”

सौमित्रनं तिचा चेहरा पुसला.

“तुमाले दिसलं, म्हनून तं मले हरणारी म्हनलं ना? मंग जे दिसलं ते सांगा की.”

…

त्याच्या हातातला टॉवेल थांबला.

इतकी वर्षं त्यानं शिकलेलं बोलून दाखवलं होतं. लोकांनी ऐकलं होतं, माना डोलावल्या होत्या, शाबासकी दिली होती. पण फुटल्या ओठानं कुणी मागितलं नव्हतं. त्याचं ज्ञान कुणाला तहानेसारखं लागलं नव्हतं.

त्यानं वस्तादांकडं पाहिलं. वस्ताद छपराच्या पत्र्याकडं बघत होते.

सांगितलं, तर स्वतःचंच भाकीत स्वतःच्या हातानं मोडायचं. भाकीत मोडलं, तर तालीम गेली. नाही सांगितलं, तर… कुणाला कळणारही नव्हतं.

गमशील्ड अजून त्याच्या तळहातावर होतं.

सौमित्र तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

“तिच्या मागं जाऊ नको, कांचन. ठोसा टाकला की ती तुझ्या उजव्या हाताला निघते. दर वेळी. तू आधी उजवा पाय टाक आणि तिची वाट अडव. आणि डोक्याचा नाद सोड. डोकं हलतं, पोट कुठं जाईल? पोटाला मार.”

“बस? एवढंच?”

“एवढंच.”

“मंग पह्यलेच सांगाचं ना, बाप्पा!”

त्यानं गमशील्ड धुऊन तिच्या दातांवर बसवलं. का कोण जाणे, त्याची छाती हलकी झाली होती.

दुसऱ्या फेरीत ऐमननं ठोसा टाकला आणि नेहमीच्या वाटेनं निघाली. वाटेत कांचन उभी होती.

पोटात बसलेल्या ठोशाचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. ऐमनचे डोळे मोठे झाले. सगळी शेड पत्रे हादरतील अशी ओरडली.

“सापडली, दादा!” मधल्या विश्रांतीत कांचन धापा टाकत म्हणाली. “सापडली ती मले!”

“आता ती वाट बदलेल,” सौमित्र तिच्या मानेवर ओला टॉवेल दाबत म्हणाला. “हुशार आहे ती. डावीकडं निघेल. घाबरू नको. बदलताना तिचं एक पाऊल अडखळेल, तेवढं धर.”

ऐमननं वाट बदलली. तिसरी फेरी कुणाचीच नव्हती आणि दोघींची होती. एक पाण्यासारखी निसटायची, दुसरी बांधासारखी आडवी पडायची. निसटता निसटता ऐमन सुरेख ठोसे ठेवायची. कांचन ते खाऊन पुन्हा तिच्यापुढं उभी. मंगलताई ओरडत होत्या. सौमित्र ओरडत होता. त्याचा आवाज फाटला, दोरीला धरून धरून हात दुखले. मध्येच कांचनचा डावा पाय घोट्यात मुरगळला, तसा तो स्वतःला लागल्यासारखा कळवळला.

शेवटची घंटा झाली.

दोघींनी ग्लोव्हज काढले. पंचांनी आपापल्या चिठ्ठ्या दिल्या. रेफरीनं दोघींना मधोमध बोलावलं, दोघींची मनगटं धरली आणि एक हात वर केला. शेड दणाणली. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली.

मग बॉक्सिंगमधल्या रीतीप्रमाणे दोघी एकमेकींच्या कोपऱ्यांकडं गेल्या. ऐमन सौमित्रपुढं येऊन वाकली. त्यानं बाटली पुढं धरली. ती घटाघट प्यायली, उरलेलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं.

“दादा, दुसऱ्या फेरीआधी कांचनला काय पाजलंत तुम्ही?” ती पोट चोळत हसली. “असं कुणी मला अडवलंच नव्हतं आजवर. शुक्रिया हं!”

“तुझेच आभार, ऐमन,” सौमित्र म्हणाला. “तू इतकी चांगली नसतीस, तर मला एवढं बघावंच लागलं नसतं.”

तोवर कांचन लंगडत परत आली. त्यानं तिला स्टुलावर बसवलं, तिचा बूट हलकेच सोडला, मोजा काढला. घोटा टरारून सुजला होता.

“दुखतं?”

“नाई.”

“खरं सांग.”

“मंग काय! लय दुखते.”

तो बर्फ लावत होता, तेव्हा समोर सावली पडली. वस्ताद उभे होते.

“कोण जिंकलं रे?”

सौमित्रनं मान वर केली. त्यानं आठवून पाहिलं. रेफरी आठवला. वर गेलेला हात आठवला. हात कुणाचा होता, ते काही केल्या आठवेना.

“पाहिलं नाही, वस्ताद.”

“नाई पाह्यलं?”

“ही मधोमध चालत गेली, तेव्हा मी हिचा पाय बघत होतो. कुठं टेकवते, कसा टेकवते…” त्यानं मान खाली घातली. “भाकीत टिकलं की मोडलं, मला माहीत नाही. मोडलं असेल तर मीच मोडलं. ठरल्याप्रमाणे मी जाईन.”

त्यानं बर्फ पुन्हा घोट्यावर टेकवला.

“पण जायच्या आधी एवढं बोलू द्या. इतकी वर्षं शिकलो, पण शिकलेलं कुणाच्या अंगात उतरताना आज पहिल्यांदा पाहिलं. तुम्ही मला या कोपऱ्यात उभं केलंत. हिनं मला विचारलं. कुठंही गेलो तरी हे पुरेल मला. फार उपकार झाले, वस्ताद.”

…

वस्ताद खाली बसले. बसताना गुडघे कडकन वाजले. त्यांनी कांचनचा घोटा हातात घेतला, अंगठ्यानं दाबून पाहिला, आणि पुन्हा सौमित्रच्या हातात ठेवला.

“उद्या सकायी तालमीचं दार तू उघडजो.”

“मी?… पण वस्ताद, मग भाकीत…”

कांचनला आता राहवेना. “अवो दादा, हात तं…”

वस्तादांनी तिच्यासमोर तळवा धरला.

“सांगू नको त्याले.”