पातेल्याला गेलेला अंगरखा

"हे घे तुझं पातेलं, आणि आमचा अंगरखा टाक इकडे!"

"न्हाई टाकत!"

"आम्ही राजे आहोत!"

"अन् म्या बोहारीण हाय! कापड टोपलीत पडलं की सौदा मिटला. आज तुमचं परत दिलं, तर उद्या अख्खा गाव पातेली घेऊन माझ्या मागं धावंल!"

कोंडाळगडाच्या राजवाड्याच्या चौकात सकाळपासून हा तमाशा चालला होता. एकीकडे रायाजीराजे, दुसरीकडे भिवरा बोहारीण, आणि मध्ये एक पितळी पातेलं. पातेलं राणीसाहेबांनी जुन्या अंगरख्यावर घेतलं होतं, तेही अर्धी घटका घासाघीस करून. राणी झाली म्हणून काय झालं? घासाघीस केल्याशिवाय पातेल्यातलं दूधसुद्धा बाईला गोड लागत नाही!

"बारा वर्षं पेटीत पडून होता," राणीसाहेब फणकारल्या. "अंगात शिरत नाही, मग ठेवायचा कशाला? उंदरांना?"

"तो आऊसाहेबांनी स्वतःच्या हाताने शिवला होता!" राजाचा आवाज जरा चिरकला. "गादीवर बसलो त्या दिवशी आम्ही तोच घातला होता. आणि अंगात शिरत नाही ते तो आटला म्हणून! परटाने आटवला!"

"आटलाच, महाराज!" नरहरपंत दिवाण लगबगीने म्हणाले. बारा वर्षं ते हेच म्हणत होते. या आटण्यापायी दोन परटांची चाकरी गेली होती.

भिवराने अंगरखा टोपलीतून काढला, सूर्यासमोर धरला आणि डोळे बारीक केले. बोहारीण कापड उजेडात धरल्याशिवाय बोलत नाही. उजेडात भोक लपत नाही, रफू लपत नाही आणि खोटंही लपत नाही.

"सरकार," ती म्हणाली, "परत न्हाई देणार. पण म्या तो तुमच्या अंगावर चढवून दाविते. मग तर झालं?"

राजा हट्टी. तो थोडाच सरळ हो म्हणणार!

"चढव! पण आऊसाहेबांच्या कापडाला कातर लावायची नाही. बाहेरचं बोटभर कापड जोडायचं नाही. धागासुद्धा दुसरा नको! उद्या दसऱ्याच्या दरबारात आम्ही तो घालणार. आज दिवस मावळायच्या आत झाला नाही, तर तू आणि तुझी टोपली कायमची वेशीबाहेर!"

दिवाण गालात हसले. लहान अंगरखा मोठा करायचा, तोही कातरीवाचून, कापडावाचून, धाग्यावाचून! भिवराचं पोट मात्र या गावाच्या गल्ल्यांवर चालत होतं. वेशीबाहेर ती काय दगडांना पातेली विकणार?

"एक सुई तरी द्याल का, का तीबी आऊसाहेबांचीच लागंल?" म्हणत तिने चौकातच बसकण मारली.

आधी तिने सुईच्या टोकाने टाका न् टाका उसवला. निघालेला रेशमी धागा तिने जोंधळ्याच्या धाटावर गुंडाळून घेतला. बाह्या सुटल्या, कमरेची शिवण सुटली, खालच्या घेराच्या कळ्या एकेक करून सुटल्या. राजाने कपाळावर हात मारला. "मारला गं माझा अंगरखा!"

"गप बसा सरकार, बाळंतपणात अन् शिवणात पुरुषानं मधी बोलू न्हाई!"

मग तिने प्रत्येक तुकडा उलटा केला. वरची बाजू उन्हाने विटली होती, आतली अजून डाळिंबासारखी लाल! घेराची कळी ती कशी? वर निमुळती, खाली रुंद. भिवराने एकदा कळीकडे पाहिलं, एकदा राजाच्या पोटाकडे पाहिलं, आणि दोन्ही कुशींना एकेक कळी बसवली. उरलेल्या कळ्या दुमडून आतून अस्तर लावलं. बाह्यांची गळ्याला पट्टी झाली. आऊसाहेबांचे बंद तिने त्याच धाग्याने परत टाचले. ते होते तिथेच राहिले.

सूर्य तटावर टेकला, तेव्हा सुईत वीतभर धागा उरला होता आणि हातात एक देखणी बंडी होती!

राजाने ती घातली. बंद बांधले. श्वास सोडला. बंद तुटले नाहीत! तो वाकला, बसला, उठला. मग बंदाची गाठ चाचपत राहिला. ती गाठ पूर्वी आई मारून द्यायची.

पण हट्टी तो हट्टी! आणि दिवाण कानाशी लागलेच होते.

"बंडी झक्क आहे. पण आता शेवटचं सांग," राजा म्हणाला. "तू कापड उजेडात धरलं होतंस. अंगरखा आटला होता, की आम्ही सुटलो होतो? खोटं बोललीस तर वेशीबाहेर!"

आता भिवरा पेचात! आटला म्हणावं तर खोटं, आणि दोन परटांचा तळतळाट. सुटला म्हणावं तर राजाच्या पोटाला बोट लावल्यासारखं. दिवाणांनी वेशीकडे हात करून वाट दाखवलीसुद्धा.

भिवरा उठली, टोपली कमरेवर घेतली आणि एकच वाक्य बोलली.

त्या वाक्याने आधी राणीसाहेबांना ठसका लागला. मग राजा हसायला लागला तो असा, की डोळ्यांतून पाणी आलं, पोट गदगदा हललं, पण बंडीचा एक टाका उसवेल तर शपथ! दोन्ही परीट चाकरीवर परत आले. राजवाड्यातलं जुनं कापड पिढ्यान् पिढ्या भिवराच्याच टोपलीत पडेल, असा हुकूम निघाला. वर भरजरी लुगडं मिळालं ते वेगळंच. राणीसाहेबांनी तेवढ्यातही पातेल्यावर एक झाकण मागून घेतलं!

आणि भिवरा बोलली होती ते हे:

"सरकार, अंगरखाबी आटला न्हाई अन् आपणबी सुटला न्हाई, राज्य वाढलं होतं, म्या नुसती वेस वीतभर पुढं सारली!"